श्रुती कोणाची, कान कोणाचे? : 'येस'चा अल्बम आणि त्याचे श्रोते

डिसेंबर १९७३ मध्ये 'येस' या इंग्लिश प्रोग्रेसिव्ह रॉक बँडचा 'टेल्स फ्रॉम टोपोग्राफिक ओशन्स' हा दुहेरी अल्बम आला. दोन तबकड्या, चार बाजू, प्रत्येक बाजूवर एकच गाणे आणि एकूण वेळ सुमारे ८१ मिनिटे. अर्धशतक उलटून गेले तरी या अल्बमबद्दल श्रोत्यांचे एकमत झालेले नाही. काहींच्या मते हा बँडच्या प्रतिभेचा कळस आहे, तर काहींच्या मते या संगीतप्रकाराला चढलेल्या मस्तीचा पुरावा आहे. लांबी, कंटाळा, वादन, ध्वनिमुद्रण, शब्दांची दुर्बोधता अशा सगळ्या अंगांनी त्याची चिरफाड झाली आहे.

या अल्बमची रचना मात्र ज्यावर उभी आहे ते आपल्या दारातले आहे. श्रुती, स्मृती, पुराण आणि तंत्र. चार शास्त्रे, चार बाजू. पन्नास वर्षांच्या वादात या चार शब्दांकडे बहुतेक श्रोत्यांनी कानाडोळा केला. आवडणाऱ्यांनी त्यांना 'पौर्वात्य अध्यात्म' म्हणून नमस्कार केला आणि न आवडणाऱ्यांनी 'गूढ बडबड' म्हणून हसून सोडून दिले. ही शास्त्रे कोणासाठी होती, ती कोणी ऐकायची आणि कोणी ऐकायची नाहीत, हा प्रश्न दोन्ही गटांना पडला नाही. तो आम्हाला पडतो. म्हणून हा लेख.

आंबेडकरी चळवळीच्या कार्यकर्त्यांनी इंग्रजी रॉक संगीतावर कशाला लिहायचे, असे कोणी विचारेल. आमचे उत्तर सरळ आहे. ज्या कलाकृतीत शास्त्रांचे नाव येते, तिची चिकित्सा करण्याचा पहिला हक्क ज्यांना शास्त्रांनी दाराबाहेर ठेवले त्यांचा आहे. आणि आमची आजची मुले गिटार वाजवतात, रॉक ऐकतात, परदेशात शिकतात. त्यांच्या कानावर काय पडते याची फिकीर आम्ही नाही करायची तर कोणी करायची?

एका तळटीपेतून निघालेला अल्बम

आधी हकीकत. मार्च १९७३ मध्ये बिल ब्रुफर्ड या ड्रमवादकाच्या लग्नात 'येस'चा गायक जॉन अँडरसन याची 'किंग क्रिमझन' बँडमधल्या जेमी म्यूर या तालवादकाशी गाठ पडली. म्यूरने त्याला परमहंस योगानंद यांचे 'ऑटोबायोग्राफी ऑफ अ योगी' हे पुस्तक सुचवले. त्याच महिन्यात जपान दौऱ्यावर असताना टोकियोतल्या हॉटेलात अँडरसन ते वाचत होता. ८३व्या पानावरच्या तळटीपेत शास्त्रांचे चार वर्ग सांगितलेले त्याला दिसले आणि चार बाजूंच्या अल्बमची कल्पना सुचली. अल्बमच्या वेष्टनावरच्या टिपणात त्याने स्वतःच हे लिहिले आहे. पुढे गिटारवादक स्टीव्ह हाऊबरोबर बसून त्याने आराखडा केला आणि बाकीचे तिघे, म्हणजे बेसवादक ख्रिस स्क्वायर, कीबोर्डवादक रिक वेकमन आणि ड्रमवादक ॲलन व्हाइट, त्यात ओढले गेले.

पहिली बाजू 'द रिव्हीलिंग सायन्स ऑफ गॉड', म्हणजे श्रुती. दुसरी 'द रिमेंबरिंग', म्हणजे स्मृती. तिसरी 'द एन्शंट', म्हणजे पुराण. चौथी 'रिच्युअल', म्हणजे तंत्र. अँडरसनला हे संगीत रानात, निसर्गाच्या सान्निध्यात मुद्रित करायचे होते. त्यावर बँडमध्ये एकमत झाले नाही. शेवटी मॉर्गन स्टुडिओतच गवताच्या पेंढ्या आणि पुठ्ठ्याची गाय उभी करून शेताचा देखावा केला गेला. शास्त्रांच्या अल्बमला गाय हवीच, ती लंडनमध्येही आली, असे आम्ही गमतीने म्हणतो.

अँडरसनने शास्त्रे वाचली नव्हती. त्याने एक तळटीप वाचली होती. त्यात गुन्हा काही नाही, कवी-कलावंत असेच एखाद्या शब्दाने पेटतात. अल्बमचे शब्दही वेदांचा प्रचार करणारे नाहीत. ते सूर्य, समुद्र, आठवण, प्रेम अशा प्रतिमांमधून वाहत जातात आणि बऱ्याचदा अर्थापेक्षा नादासाठी निवडलेले वाटतात. तेव्हा या माणसाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्याचा आमचा विचार नाही. आमचा रोख त्या तळटीपेवर आणि तिच्याकडे न बघणाऱ्या श्रोत्यांवर आहे.

श्रोते काय म्हणतात

अल्बम आला तेव्हा 'येस' लोकप्रियतेच्या शिखरावर होता. १९७१ चा 'फ्रॅजाइल' आणि १९७२ चा 'क्लोज टू द एज' लोकांनी डोक्यावर घेतले होते. त्यामुळे 'टेल्स'ला ऐकण्याआधीच मागणी होती आणि ब्रिटनच्या यादीत तो पहिल्या क्रमांकावर गेला. पण बँडचा दौरा अल्बम बाजारात येण्याआधीच, नोव्हेंबर १९७३ मध्ये सुरू झाला होता. म्हणजे तिकीट काढून आलेल्या माणसाला कधीही न ऐकलेले ऐंशी मिनिटांचे संगीत एका बैठकीत ऐकावे लागत होते. काही जण भारावले, काही जण चुळबुळले. पुढे दौऱ्यात एखादी बाजू गाळण्याची वेळही आली. समीक्षकांपैकी अनेकांनी अल्बम झोडपला.

तेव्हापासून श्रोत्यांचे ढोबळमानाने तीन गट पडलेले दिसतात.

पहिला गट म्हणतो, हे पाणी घालून वाढवलेली आमटी आहे. चांगल्या कल्पना आहेत, पण त्या एका तबकडीपुरत्या. दुहेरी अल्बम करायचा हट्ट धरल्यामुळे मधल्या जागा भरून काढल्या. या गटाचा सर्वांत मोठा साक्षीदार बँडमध्येच बसला होता. रिक वेकमनचे म्हणणे असे की साहित्य एका अल्बमला जास्त आणि दोनांना कमी होते. मुद्रणाच्या काळात तो शेजारच्या स्टुडिओत 'ब्लॅक सॅबथ'बरोबर वेळ काढी आणि त्यांच्या एका गाण्यात त्याने वाजवलेही. मँचेस्टरच्या कार्यक्रमात तो मंचावरच, कीबोर्डच्या आडोशाला, भारतीय पद्धतीची करी खात बसला, हा किस्सा त्याने स्वतः अनेकदा सांगितला आहे. १९७४ मध्ये त्याने बँड सोडला. दोन-तीन वर्षांनी पंक संगीत आले, तेव्हा लोक कशाला विटले होते हे दाखवायला या अल्बमकडे बोट दाखवण्याची रीतच पडली.

दुसरा गट म्हणतो, हा अल्बम ऐकणाऱ्याकडून वेळ मागतो आणि दिलेल्या वेळेची परतफेड करतो. चार बाजू म्हणजे सिंफनीचे चार भाग आहेत. पहिल्या बाजूवरचे सुर पुढे रूप बदलून परत येतात, ते ओळखू येऊ लागले की सगळे जुळते. २००३ मध्ये पहिल्या बाजूची मूळची गाळलेली सुरुवात परत जोडून नवी आवृत्ती निघाली. २०१६ मध्ये स्टीव्हन विल्सन याने जुन्या ध्वनिफितींवरून नव्याने मिश्रण केले. त्यानंतर वाद्ये स्वच्छ ऐकू येतात, त्यामुळे मत बदलले असे म्हणणारेही बरेच आहेत.

तिसरा गट मधला. पहिली आणि चौथी बाजू उत्तम, दुसरी रेंगाळलेली, तिसरी कर्कश, असा त्यांचा हिशेब. तिसरीच्या शेवटी स्टीव्ह हाऊची साधी गिटार आणि अँडरसनचा आवाज एवढेच उरते, ते मात्र या गटालाही आवडते.

आम्ही आमच्या अभ्यासगटात चार रविवार एकेक बाजू घेऊन हा अल्बम ऐकला. आमचे बहुमत तिसऱ्या गटाच्या जवळ गेले. चौथ्या बाजूत बेस आणि ड्रम एकमेकांवर तुटून पडतात तो भाग आमच्यातल्या ढोलकी वाजवणाऱ्या साथीदाराने तीन वेळा लावायला सांगितला. दुसऱ्या बाजूला दोघे जण चक्क झोपले. संगीताची चव ज्याची त्याची, तिथे आमचा वाद नाही.

पण एक गोष्ट लक्षात घ्यावी. लांबी हे खरे कारण नाही. 'क्लोज टू द एज'चे शीर्षकगीतही अठरा मिनिटांच्या वर आहे आणि ते बहुतेक श्रोत्यांना लांब वाटत नाही. त्याची प्रेरणा हेरमान हेसे यांची 'सिद्धार्थ' ही कादंबरी. तिचा नायक बुद्ध नाही, बुद्धाला भेटून, त्यांना मान देऊन, तरीही स्वतःच्या वाटेने जाणारा एक ब्राह्मणपुत्र आहे. तिथे एका माणसाचा शोध आहे, म्हणून गाण्याला सुरुवात, चढण आणि शेवट आहे. 'टेल्स'मध्ये माणूस नाही, वर्गवारी आहे. चार खाने आधी आखले आणि ते भरायला संगीत शोधले. आमच्या मते श्रोत्यांना जो भराव जाणवतो त्याचे मूळ इथे आहे. खाने आधी आणि माणसे नंतर, हा प्रकार आपल्याला नवा नाही.

चार बाजू, चार दरवाजे

आता त्या चार शब्दांकडे येऊ. अल्बममध्ये श्रुती, स्मृती, पुराण, तंत्र या चार बाजू शेजारी शेजारी आहेत. ज्याने पैसे मोजले त्याला चारही मिळतात. हवी ती बाजू आधी लावा, नको ती लावू नका.

आपल्या इतिहासात या बाजू अशा शेजारी नव्हत्या. त्या एकावर एक होत्या आणि वरच्या बाजूला कुलूप होते.

श्रुती म्हणजे ऐकलेले. या शब्दाचा अर्थच ऐकण्याशी बांधलेला आहे. मग ती ऐकायची कोणी? गौतम धर्मसूत्र सांगते की शूद्राने मुद्दाम वेद ऐकला तर त्याच्या कानात वितळवलेले शिसे आणि लाख ओतावी. मनुस्मृती सांगते की शूद्र जवळ असताना वेदाचे पठण करू नये. बाबासाहेबांनी शूद्रांवर लादलेल्या निर्बंधांची जी यादी मांडली तिच्यात असल्या तरतुदींना फार मोठी जागा आहे. अशी शिक्षा प्रत्यक्षात किती वेळा दिली गेली असा प्रश्न काही विद्वान विचारतात. आमचे म्हणणे असे की कायदा लिहिला गेला, पवित्र मानला गेला आणि शतकानुशतके शिकवला गेला. धाक बसायला तेवढे पुरते.

आणि हे केवळ अस्पृश्यांपुरते नव्हते. १८९९ साली कोल्हापुरात शाहू महाराज पंचगंगेवर स्नानाला गेले तेव्हा भटजी वेदोक्त मंत्रांऐवजी पुराणोक्त मंत्र म्हणत होता. कारण त्याच्या लेखी महाराज शूद्र होते. 'येस'च्या भाषेत सांगायचे तर राजालाही तिसरीच बाजू. पहिली बाजू त्याच्यासाठी वाजवायची नाही. वेदोक्त प्रकरण म्हणून महाराष्ट्र ज्याला ओळखतो ते प्रकरण म्हणजे श्रुती आणि पुराण या दोन खान्यांमधल्या कुंपणाचाच झगडा होता. छत्रपतीची ही गत, तर गावकुसाबाहेरच्या माणसाची काय असेल?

म्हणून 'श्रुतीवर आधारलेला अल्बम' हे शब्द लंडनच्या श्रोत्याच्या कानाला नुसते गोड लागतात, आमच्या कानाला टोचतात. त्याच्या कानात आणि आमच्या कानात दोन हजार वर्षांचे अंतर आहे.

एकाच वर्षीची दोन पुस्तके

ज्या पुस्तकातून हा अल्बम निघाला ते १९४६ साली न्यूयॉर्कमध्ये प्रसिद्ध झाले. त्याच १९४६ साली बाबासाहेबांचे 'हू वेअर द शूद्राज?' प्रसिद्ध झाले. ते महात्मा फुल्यांना अर्पण केलेले आहे. दोन्ही पुस्तके इंग्रजीत, दोन्ही शास्त्रांबद्दल बोलणारी. एक पुस्तक जगभर गेले. १९६७ च्या 'सार्जंट पेपर' या बीटल्सच्या अल्बमच्या मुखपृष्ठावर योगानंदांचा आणि त्यांच्या गुरुपरंपरेचा चेहरा झळकला. दुसऱ्या पुस्तकाला कुठल्या अल्बमच्या मुखपृष्ठावर जागा मिळाली? टोकियोच्या हॉटेलात त्या रात्री अँडरसनच्या हातात हे दुसरे पुस्तक असते तर, असा विचार आमच्या मनात येऊन जातो.

ती तळटीप काय सांगते पाहा. शास्त्रे धार्मिक आणि सामाजिक जीवनाचे प्रत्येक अंग व्यापतात, त्यात कायदाही येतो, वैद्यकही येते, स्थापत्य आणि कलाही येतात, असे ती म्हणते. स्मृती म्हणजे काय, तर महाभारत आणि रामायण ही महाकाव्ये, असे ती सांगते. मनूचे नाव त्या तळटीपेत नाही. कायदा आहे म्हटले, पण कोणता कायदा ते सांगितले नाही. म्हणून अँडरसनला 'स्मृती' म्हणजे मानवजातीची आठवण वाटली आणि दुसऱ्या बाजूला त्याने 'द रिमेंबरिंग' नाव दिले. आम्हाला 'स्मृती' म्हटल्यावर २५ डिसेंबर १९२७ आठवतो, महाडला मनुस्मृती जाळली तो दिवस. 'स्मृती' या शब्दाच्या त्याच्या आणि आमच्या आठवणी इतक्या वेगळ्या आहेत.

मनू त्या पुस्तकात अजिबात नाही असे मात्र नाही. दक्षिण भारतावरच्या प्रकरणात तो येतो. तिथे वर्णव्यवस्थेच्या उगमाचे श्रेय त्याला दिले आहे आणि ती मूळ कल्पना वाखाणण्यासारखी होती, माणसांचे गुणांवरून चार वर्ग पाडले होते, पुढे ते जन्मावर जाऊन बिघडले, असा सूर आहे. हा युक्तिवाद आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. बाबासाहेबांनी त्याला दहा वर्षे आधी, १९३६ मध्येच, 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये उत्तर दिले होते. गुणांवरच वर्ग ठरणार असतील तर ब्राह्मण, क्षत्रिय, वैश्य, शूद्र ही जुनी जन्माची नावे कशाला चिकटवता? माणसाच्या अंगच्या अगणित गुणांचे चारच खाने कसे होतील? आणि शिक्षण एकाला, शस्त्र दुसऱ्याला, धन तिसऱ्याला दिले तर चौथ्याने अन्याय झाल्यावर कशाच्या बळावर उठायचे? त्याच भाषणात त्यांनी निदानही केले. जात टिकते ती शास्त्रांच्या पावित्र्यावरच्या श्रद्धेमुळे, म्हणून घाव त्या पावित्र्यावर घातला पाहिजे. लाहोरच्या जात-पात-तोडक मंडळाला ते भाषण पेलले नाही आणि ते द्यायचे राहूनच गेले. बाबासाहेबांनी ते छापून लोकांपुढे ठेवले.

"तुम्हाला सगळीकडे जातच दिसते"

हा आक्षेप येणार हे आम्हाला ठाऊक आहे. संगीत संगीत म्हणून ऐका, त्यात मनू कशाला आणता? अँडरसनने फक्त नावे घेतली, आशय त्याचा स्वतःचा.

यावर आमचे दोन मुद्दे.

एक, नावे आम्ही आणलेली नाहीत. वेष्टनावर ती बँडनेच छापली. श्रोत्यांनी अल्बमच्या मुखपृष्ठावर रॉजर डीनने काढलेल्या माशांवर, नाझ्काच्या रेषांवर आणि माया संस्कृतीच्या मंदिरावर बारकाईने चर्चा केली आहे. कुठल्या मिनिटाला मेलोट्रॉन येतो यावर त्यांचे वाद झाले आहेत. एवढ्या बारकाईने ऐकणारे लोक ज्या चार शब्दांवर डोलारा उभा आहे त्यांचा अर्थ विचारायला विसरतात, तर ते दाखवून देणे ही समीक्षाच आहे.

दोन, या अल्बमची टिंगल करणाऱ्यांचा आणि आमचा आक्षेप एक नाही. त्यांना शास्त्रे कळत नाहीत म्हणून खटकतात. आम्हाला ती कळतात म्हणून खटकतात. "काहीतरी पूर्वेकडचे अगम्य" म्हणून हसणाऱ्या माणसालाही आम्ही आमच्या बाजूचा मानत नाही. त्याच्या हसण्यात पूर्वेकडचे सगळे लोक एका पोत्यात भरले जातात, वेद म्हणणाराही आणि वेद ऐकला म्हणून शिक्षा भोगणाराही. भक्त आणि टिंगलखोर दोघेही शास्त्रांना सामाजिक जीवनातून उचलून ढगात नेऊन ठेवतात. ढगातल्या वस्तूला कोणी जाब विचारत नाही.

पन्नास वर्षांपूर्वीची ही गोष्ट आज उगाळण्याचे कारणही हेच. योग, ध्यान, मंत्र, 'प्राचीन ज्ञान' अशा वेष्टनात शास्त्रे आजही परदेशात जातात आणि जात मागे भारतात राहिली असे भासवले जाते. ती मागे राहिलेली नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये अमेरिकेतल्या सिॲटल शहराला भेदभावविरोधी कायद्यात जातीचा समावेश करावा लागला. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने तसेच विधेयक मंजूर केले आणि ऑक्टोबरमध्ये तिथल्या गव्हर्नरने ते रोखले. अशा वेळी तिथल्या सामान्य माणसाला जात म्हणजे काय हे नव्याने समजावून सांगावे लागते. शास्त्र हा शब्द मात्र त्याने कधीच ऐकलेला असतो, गाण्यातून, पुस्तकातून, योगवर्गातून. अर्धी गोष्ट आधी पोहोचली की उरलेली अर्धी खोटी वाटू लागते. आमच्या परदेशातल्या मुलामुलींना हा त्रास सोसावा लागतो.

वेकमनचा अधिकार

आता या श्रोत्यांकडून शिकण्यासारखे जे आहे तेही प्रामाणिकपणे मांडले पाहिजे.

पवित्र म्हणवणाऱ्या ग्रंथांचे नाव घेऊन एक कलाकृती समोर आली. ती जगातल्या नावाजलेल्या बँडने केली होती. तरीही विशीतला इंग्लिश पोरगा उठून म्हणाला, मला कंटाळा आला. बँडमधला कीबोर्डवादक म्हणाला, मला हे कळत नाही आणि पटत नाही, मी चाललो. कोणी त्याच्या कानात शिसे ओतले नाही. त्याच वर्षी वेकमनचा 'जर्नी टू द सेंटर ऑफ द अर्थ' हा स्वतंत्र अल्बम ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला. दोन वर्षांनी तो 'येस'मध्ये परतला आणि त्याला परत घेतले गेले. मतभेद झाला म्हणून वाळीत टाकले नाही.

श्रोत्याचा हा अधिकार तथागतांनी अडीच हजार वर्षांपूर्वी सांगितला आहे. केसपुत्त गावचे कालाम लोक गोंधळले होते. येणारा प्रत्येक गुरू आपलेच खरे म्हणत होता. त्यांना बुद्धांनी कशाकशावरून एखादी गोष्ट मान्य करू नये याची यादी सांगितली. त्या यादीतला पहिला शब्द आहे 'अनुस्सव'. म्हणजे ऐकत आलो म्हणून. 'श्रुती' आणि 'अनुस्सव' हे एकाच धातूचे शब्द. एका परंपरेने 'ऐकलेले' सर्वांत वर ठेवले आणि त्यावर कुलूप लावले. दुसऱ्या परंपरेने 'नुसते ऐकलेले आहे' हे मानण्याचे कारणच नव्हे असे सांगितले. यादीत परंपरा आहे, ग्रंथाचा आधार आहे, आणि 'हा श्रमण आमचा गुरू आहे' हेही कारण आहे. बुद्धांनी स्वतःलाही त्यातून सूट दिली नाही. कसोटी एकच ठेवली. हे आचरणात आणल्यावर अहित होते की हित होते ते स्वतः पाहा.

ही कसोटी लावली तर त्या श्रोत्यांचे यश आणि अपयश दोन्ही नेमके दिसते. नाव मोठे आहे म्हणून त्यांनी मान्य केले नाही, इथवर ते कालामांच्या वाटेने गेले. पण त्यांनी विचारले ते एवढेच की मला आवडले का. ज्याचे नाव घेतले आहे त्याने कोणाचे हित झाले आणि कोणाचे अहित, हे विचारायचे राहिले.

आपण काय करायचे

बहिष्कार हा आमचा सल्ला नाही. ज्यांच्या पूर्वजांना ऐकण्याची बंदी होती त्यांनी स्वतःवर नवी बंदी घालून घेऊ नये. हा अल्बम ऐका. चौथ्या बाजूतला ड्रम ऐका, तिसऱ्या बाजूच्या शेवटची गिटार ऐका. आवडले तर आवडले म्हणा, कंटाळा आला तर तसे म्हणा. आणि वेष्टनावरचे टिपण वाचताना त्याच्या शेजारी बाबासाहेबांचे १९४६ चे पुस्तक उघडून ठेवा.

आमच्या मुलांपैकी जी मुले इंग्रजीत लिहितात, संगीतावर मते मांडतात, त्यांनी या अल्बमवर लिहावे. "श्रुती म्हणजे ऐकलेले, आणि आमच्या आज्याला ते ऐकायची मनाई होती" एवढे एक वाक्य त्या पन्नास वर्षांच्या वादात पडले तरी पुढे ऐकणारा थोडा थांबून ऐकेल.

हाच कान आपल्या गाण्यांनाही लावावा. भीमजयंतीच्या मिरवणुकीत छाती दडपणाऱ्या भिंतीएवढ्या स्पीकरवर जे वाजते त्यात बाबासाहेबांचे नाव आहे म्हणून ते चांगले ठरत नाही. शब्द पोकळ असतील, चाल उसनी असेल, विचाराऐवजी नुसता जयजयकार असेल, तर आपल्या तरुणांना "हे पाणी घातलेले आहे" असे वेकमनसारखे म्हणता आले पाहिजे. आणि तसे म्हणणाऱ्याला आपण गद्दार ठरवता कामा नये. वामनदादा कर्डकांच्या परंपरेचा वारसा सांगणाऱ्यांनी एवढे पथ्य पाळायलाच हवे, कारण त्या परंपरेत गाणे हे समाजाला विचार करायला लावण्याचे साधन होते.

आमचे कान दोन हजार वर्षे बंद ठेवले गेले. ते उघडले महाडच्या आगीने आणि दीक्षाभूमीवरच्या धम्मदीक्षेने. उघडलेल्या कानांनी जगातले सगळे ऐकायचे, आणि जे ऐकले त्याला प्रश्न विचारायचा.

जयभीम! नमो बुद्धाय!